गालिचा नसलेल्या घरांतलं यंत्र

व्हॅक्यूम क्लीनर हे यंत्र मुळात गालिच्यासाठी तयार झालं. इंग्लंड-अमेरिकेतल्या थंड हवेच्या घरांत जमिनीवर लोकरी गालिचे अंथरलेले असत, पुष्कळदा कडेने खिळे मारून पक्के केलेले. वर्षातून एक-दोनदा ते उचकटून काढायचे, अंगणात दोरीवर टाकायचे आणि काठीने बडवायचे, एवढीच त्यांची खरी सफाई. एरवी झाडू मारला की धूळ उडे आणि थोड्या वेळाने पुन्हा त्याच गालिच्यात येऊन बसे. या अडचणीवर उत्तर म्हणून धूळ ओढून घेणारं यंत्र निघालं.

आपल्याकडे ही अडचणच नव्हती. शहाबादी फरशी, कोबा किंवा मोझॅकच्या लाद्या. रोज सकाळी केर काढायचा, ओल्या फडक्याने लादी पुसायची, काम संपलं. 1980च्या दशकात मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये टाय लावलेले तरुण जड खोकी घेऊन जिने चढू लागले, तेव्हा बहुतेक दारांत त्यांना एकच वाक्य ऐकू यायचं, ‘आमच्याकडे केर-फरशीला बाई येते.’ या वाक्याला तोड नव्हती, कारण ते खरं होतं. झाडूने अर्ध्या तासात होणाऱ्या कामासाठी हजारो रुपयांचं यंत्र कोण घेणार?

तरीही ते विकलं गेलं. मध्यमवर्गीय घरांत, दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये, हप्त्याहप्त्याने पैसे देऊन लोकांनी ते घेतलं. ठाणे-डोंबिवलीच्या पट्ट्यात मी काही वर्षं हे काम केलं, आधी विक्रीचं आणि नंतर दुरुस्तीचं. दोन्ही बाजू पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं की हे यंत्र विकलं गेलं ते प्रात्यक्षिकामुळे आणि घरात टिकलं ते दुरुस्तीला येणाऱ्या माणसामुळे. ज्या घरी हा दुसरा माणूस पोचला नाही, तिथे ते वर्षभरात माळ्यावर गेलं.

प्रात्यक्षिकाला आम्ही डेमो म्हणायचो. डेमो फरशीवर द्यायचा नाही, हा पहिला धडा होता. फरशीवर झाडू जिंकतो. डेमो द्यायचा गादीवर.

‘काकू, गादी शेवटची उन्हात कधी घातली होती?’

‘दिवाळीच्या आधी. आणि चादर परवाच बदललीय हं.’

‘एक हात फिरवून दाखवतो. घ्यायलाच पाहिजे असं काही नाही.’

चादर बाजूला व्हायची. नळी आणि पुढचं तोंड यांच्या जोडावर आम्ही धुतलेला पांढरा रुमाल ताणून बसवायचो, म्हणजे ओढलेली हवा रुमालातून गाळूनच पुढे जायची. यंत्र सुरू करून गादीच्या एका कोपऱ्यावर दहा-बारा वेळा तोंड फिरवायचं, बंद करायचं आणि रुमाल काढून काकूंच्या हातात द्यायचा. त्यावर नळीच्या मापाचा करड्या रंगाचा गोल उमटलेला असायचा. पुढचं अर्धं मिनिट आम्ही एक अक्षर बोलायचो नाही. आतल्या खोलीतून आजी यायच्या, रुमाल घेऊन खिडकीच्या उजेडात धरायच्या, बोटाने चोळून बघायच्या. चांगला विक्रेता या क्षणी यजमानीणबाईंना लाज वाटू द्यायचा नाही. ‘सगळ्यांच्या गादीत असते काकू, आमच्याही आहे,’ असं तो म्हणायचा आणि ते खरंही होतं. काही जण मात्र याच क्षणी घरातल्या लहान मुलाच्या खोकल्याचा विषय काढायचे. भीती घालून केलेली ती विक्री मला तेव्हाही पटत नव्हती आणि आजही पटत नाही.

त्या करड्या गोलात काय असायचं? बराचसा कापसाचा भुरका, कपड्यांचे तंतू, रस्त्यावरून आलेली माती आणि माणसाच्या कातडीचे सुटलेले सूक्ष्म पापुद्रे. आपल्या गाद्या कापसाच्या. पूर्वी पिंजारी दारावर यायचा, धनुकलीने कापूस पिंजून गादी पुन्हा फुलवून द्यायचा आणि त्या पिंजण्यात कितीतरी धूळ झडून जायची. शहरांत ब्लॉकसंस्कृती वाढली, पिंजाऱ्याला कापूस पसरायला अंगण उरलं नाही, चौथ्या मजल्यावरून गादी उन्हात नेणंही अवघड झालं. धूळ गादीतच राहू लागली. विक्रेत्याला आपल्याकडे जागा मिळाली ती इथे. कातडीच्या पापुद्र्यांवर जगणारे, मिलिमीटरच्या पाव-तृतीयांश लांबीचे धुळीतले कीटकही त्यात असतात. घरातल्या धुळीने होणाऱ्या दम्याचा आणि सर्दीचा या कीटकांशी असलेला संबंध 1960च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडन इथल्या संशोधकांनी दाखवून दिला आणि त्यानंतर या कीटकांची मोठी केलेली छायाचित्रं जगभरच्या विक्रेत्यांच्या बॅगेत जाऊन बसली.

गादीनंतर मग पंख्याची पाती, पुस्तकांचं कपाट, खिडकीची जाळी, सोफ्याच्या फटी, शिवणयंत्राचा खालचा भाग. आणि शेवटी मुलांसाठी एक खेळ. त्या काळच्या यंत्रांना मागच्या बाजूला हवा बाहेर पडायचं तोंड असे. नळी काढून तिथे लावली की तेच यंत्र फुंकणारं होई. नळी वर करून त्या झोतात टेबल टेनिसचा चेंडू सोडला की तो हवेत तरंगत राहायचा, नळी थोडी कलती केली तरी पडायचा नाही. चेंडू झोताच्या एका बाजूला सरकला की झोत त्याच्या गोलाईला चिकटून वळतो, बाहेरच्या दिशेला फेकला जातो आणि त्या बदल्यात चेंडू आत ढकलला जातो. मुलं हे बघत असताना आईवडिलांचं हप्त्यांचं गणित सुरू झालेलं असे.

ओढणं हा शब्द आपण सहज वापरतो, पण यंत्र धुळीला हात लावून ओढत नाही. वातावरणातली हवा आपल्या आजूबाजूच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे एक किलो वजनाइतका दाब देत असते. यंत्राच्या आतला पंखा हवा मागे फेकतो, त्यामुळे आतला दाब उतरतो आणि बाहेरची जास्त दाबाची हवा तोंडातून आत घुसते. घुसताना ती धूळ सोबत नेते. चांगलं घरगुती यंत्र आतला दाब वातावरणाच्या सुमारे पाचव्या भागाने उतरवू शकतं. पाण्याच्या मापात सांगायचं तर नळीतून पाणी दीड-दोन मीटर वर चढेल इतकं. हा आकडा मिळतो तो तोंड पूर्ण बंद असताना, म्हणजे हवा अजिबात वाहत नसताना. तोंड पूर्ण मोकळं सोडलं तर हवा भरपूर वाहते पण दाबातला फरक फारसा राहत नाही. सफाई होते ती या दोन टोकांच्या मध्ये. म्हणून जाड गालिच्याला एक तोंड, पडद्याला दुसरं, फटीला चपटं तिसरं. खोक्यात ती इतकी सगळी तोंडं का असायची, हे नीट समजावून सांगितलं तर गिऱ्हाईक ती वापरायचं. नाहीतर पिशवीत गुंडाळून ठेवायचं आणि एकच तोंड सगळीकडे फिरवून ‘ओढत नाही’ म्हणायचं.

दिसत नसलेली घाण दाखवून यंत्र खपवायचं, ही युक्ती यंत्राइतकीच जुनी आहे. लंडनमधले अभियंते ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी धूळ उडवणाऱ्या एका यंत्राचं प्रात्यक्षिक पाहिलं आणि उडवण्याऐवजी ओढून का घेऊ नये, असा विचार केला. कल्पना तपासायला त्यांनी एका उपाहारगृहातल्या खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, त्याला तोंड लावून जोरात श्वास ओढला आणि रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा डाग पडलेला पाहिला. म्हणजे आम्ही डोंबिवलीत करत होतो तेच, फक्त मोटरऐवजी स्वतःची छाती वापरून. 1901 साली त्यांनी पेटंट घेतलं. त्यांचं यंत्र घोडागाडीवर बसवलेलं होतं आणि पेट्रोलवर चालायचं. ते रस्त्यात उभं राहायचं आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात जायच्या. त्याच्या आवाजाने रस्त्यावरचे घोडे बुजतात, अशा तक्रारी झाल्या. 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या आधी वेस्टमिन्स्टर ॲबीतला गालिचा याच यंत्राने साफ केला आणि मग श्रीमंत घरांतून त्याला बोलावणी येऊ लागली. बूथ यांनी नळीचा काही भाग पारदर्शक ठेवला होता, त्यामुळे जमलेल्या पाहुण्यांना आपल्या यजमानांच्या घरातली धूळ वाहत जाताना दिसे. यंत्र विकणाऱ्यांच्या जगातला सगळ्यात मोलाचा शोध मी या पारदर्शक नळीला मानतो.

बूथ यांचं यंत्र घराबाहेर राहिलं. ते घरात आणलं अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कँटन गावच्या जेम्स मरी स्पँगलर यांनी. ते एका दुकानात सफाईचं काम करत. त्यांना दमा होता आणि गालिचे झाडताना उडणाऱ्या धुळीने तो बळावत असे. पंख्याची विजेची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एवढ्या सामानातून त्यांनी आपलं यंत्र जुळवलं. पुढे फिरता ब्रश, मागे धूळ साठवणारा अभ्रा. 1908 मध्ये पेटंट मिळालं, पण भांडवल नव्हतं. त्यांनी हे यंत्र वापरायला दिलेल्यांपैकी एक होत्या सुझन हूव्हर. त्यांचे पती विल्यम हूव्हर यांचा घोड्यांचं खोगीर, लगाम अशा चामडी वस्तूंचा कारखाना होता आणि मोटारगाड्या आल्यामुळे त्या धंद्याचं भवितव्य त्यांना दिसत होतं. त्यांनी पेटंट विकत घेतलं. 1908च्या डिसेंबरमध्ये एका खपाच्या साप्ताहिकात जाहिरात देऊन त्यांनी दहा दिवस यंत्र फुकट वापरून बघण्याची सवलत जाहीर केली आणि मागणी आली की त्या त्या गावच्या दुकानदारामार्फत यंत्र पोचवलं. विक्रीचं जाळं तिथून विणलं गेलं. 1926 मध्ये हूव्हरच्या यंत्रात गालिचा हलकेच बडवणारी फिरती पट्टी आली. लोकरीच्या मुळाशी बसलेली वाळू नुसत्या हवेने निघत नाही, तिला आधी हलवावं लागतं, हे त्यामागचं शास्त्र.

स्वीडनमध्ये ॲक्सेल वेनर-ग्रेन यांनी वेगळी वाट धरली. 1912 सालचं त्यांचं लक्स यंत्र 14 किलोचं होतं. 1919 मध्ये इलेक्ट्रोलक्स ही कंपनी आकाराला आली आणि 1921 मध्ये आलेल्या तिच्या ‘मॉडेल व्ही’ने पुढच्या कित्येक दशकांचा साचा ठरवला. जमिनीवर आडवं पडलेलं नळकांडं, खाली सरकण्यासाठी पट्ट्या आणि पुढे लवचीक नळी. उभं हूव्हर गालिच्यासाठी उत्तम होतं, पण आडव्या यंत्राची नळी पडद्यावर, भिंतीवर, पलंगाखाली कुठेही पोचायची. गालिचा नसलेल्या आपल्या घरांत पुढे जे आलं ते या आडव्या घराण्यातलं आलं, यात आश्चर्य नाही. इलेक्ट्रोलक्सने आपली यंत्रं दुकानात ठेवण्यापेक्षा विक्रेत्यांच्या हाती देऊन घरोघर पाठवली. अमेरिकेत कर्बी कंपनीच्या माणसांनी हाच रिवाज टिकवला. तिथे प्रत्येक फटकाऱ्याला नवी गाळणी लावून ती धुळीने माखलेली चकती गालिच्यावर मांडत जायची आणि शेवटी घरभर चकत्यांची रांग दिसायची, अशी प्रात्यक्षिकाची रीत आहे. आमच्या एका रुमालाचं काम ते असं ऐसपैस करतात.

या विक्रेत्यांचा त्रासही झाला. वायोमिंगमधल्या ग्रीन रिव्हर या छोट्या गावात रात्रपाळी करून आलेले रेल्वे कामगार दिवसा झोपायचे आणि दारोदारचे विक्रेते त्यांची झोप मोडायचे. 1931 मध्ये गावाने घरमालकाच्या परवानगीशिवाय दार ठोठावायला बंदी केली आणि अमेरिकेतल्या अनेक गावांनी तिचं अनुकरण केलं. पुढे 1970च्या दशकात तिथल्या केंद्र सरकारने नियम केला की दारात झालेली खरेदी गिऱ्हाइकाला तीन दिवसांत रद्द करता येईल. आपल्याकडे प्रत्यक्ष विक्रीचे नियम 2021 च्या डिसेंबरमध्ये आले. ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ घेतल्याशिवाय कुणाच्या घरी जाऊ नये, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मला हे नियम योग्य वाटतात. दुपारच्या वेळी घरात एकट्या असलेल्या बाईने अनोळखी माणसाला आत घेणं ही तिच्या बाजूने मोठी गोष्ट असते आणि त्याची जाणीव ठेवणारे विक्रेते जितके होते, तितकेच ती न ठेवणारेही होते. टार्गेट आणि कमिशन यांच्या कचाट्यात सापडलेला विशी-बाविशीतला मुलगा महिनाअखेरीला काय काय बोलून जातो, ते मी जवळून पाहिलं आहे. ग्रॅहॅम ग्रीन यांनी 1958 च्या ‘अवर मॅन इन हॅवाना’ या कादंबरीसाठी नायक निवडला तो व्हॅक्यूम क्लीनर विकणारा. ब्रिटिश हेरखात्याला तो यंत्राच्या सुट्या भागांच्या आकृत्या गुप्त शस्त्रांच्या म्हणून पाठवतो आणि त्या त्यांना खऱ्या वाटतात.

भारतात ही पद्धत मोठ्या प्रमाणावर आली 1982 मध्ये. तेव्हा टाटा समूहात असलेल्या फोर्ब्ज कंपनीने स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सशी भागीदारी करून युरेका फोर्ब्जची स्थापना केली आणि युरोक्लीन हे नाव घराघरांत पोचलं. दुकानावर भिस्त न ठेवता माणूस घरी पाठवायचा, असा त्यांचा निर्णय होता. तो बरोबरच होता, कारण जी गरज गिऱ्हाइकाला ठाऊकच नाही, तिच्यासाठी ते दुकानात कशाला जाईल? याच जाळ्यातून पुढे ॲक्वागार्ड हे पाणी शुद्ध करणारं यंत्र लोकांच्या स्वयंपाकघरात गेलं आणि व्हॅक्यूम क्लीनरपेक्षा ते कितीतरी जास्त पसरलं. शुद्ध पाण्याची गरज समजावून सांगायला रुमाल लागत नव्हता.

माझं मन रमलं ते दुरुस्तीत. कल्हईवाला, धारवाला, पिंजारी, बोहारीण या सगळ्यांनी आपल्याकडे दाराशी येऊन काम करण्याची एक रीत घालून दिली होती. कल्हईवाल्याकडे बाई घरातली सगळी पितळी भांडी विश्वासाने काढून द्यायची. दुरुस्तीला जाणाऱ्या माणसाला त्याच विश्वासाचा वाटा मिळायचा. विक्रेत्याला दाराच्या फटीतून उत्तर मिळे, आम्हाला चहा मिळे.

निदान निम्मं तर कानानेच व्हायचं. दारातूनच विचारायचं, ‘वहिनी, जरा चालू करून दाखवा.’ आवाज चढा आणि किनरा आला तर मोटर बिघडलेली नाही, कुठेतरी हवा अडली आहे. पुष्कळांना हे उलटं वाटतं. नळी तुंबली की मोटरवर ताण येतो आणि म्हणून ती ओरडते, असा समज असतो. खरं तर पंख्याला फेकायला हवाच उरत नाही, त्याचं काम हलकं होतं आणि मोटर जास्त वेगाने फिरू लागते. धोका वेगळाच असतो. या यंत्रांपैकी पुष्कळांत मोटर थंड राहते ती तिच्यातून जाणाऱ्या त्याच हवेने. हवा अडली की मोटर तापते, आणि तसंच चालवत राहिलं तर गुंडाळीवरचं वार्निश जळून वास सुटतो. मग मात्र खर्च मोठा.

हवा अडण्याची कारणं त्या त्या घराची ओळख सांगायची. नळीच्या वळणात अडकलेली पेन्सिल, सेफ्टी पिन आणि केसांचा गुंता, काचेच्या बांगडीचा तुकडा. कधी बॅग उपडी केल्यावर महिन्याभरापूर्वी हरवलेली कुडी निघायची. दिवाळी संपली की पुढच्या आठवड्यात ‘ओढत नाही’ अशा तक्रारींचा पाऊस पडायचा, कारण दारातली रांगोळी यंत्राने गोळा केलेली असे. रांगोळी म्हणजे कुटलेल्या पांढऱ्या दगडाची बारीक पूड. ती कापडी बॅगेच्या विणीत जाऊन बसते, बॅग रिकामी दिसते आणि हवा मात्र जात नाही. घराला रंग देताना घासलेली लांबी, सिमेंटची धूळ, पिठाचा डबा सांडल्यावर ओढलेलं पीठ, यांनीही तेच होतं. अशी बॅग झटकून भागत नाही. ती उलटी करून मऊ ब्रशने घासावी लागते, कापडी असेल तर धुऊन दोन दिवस खडखडीत वाळवावी लागते. पावसाळ्यात ओलसर धूळ बॅगेत राहिली की बुरशी धरते आणि यंत्र सुरू करताच घरभर कुबट वास पसरतो. कोरड्या धुळीच्या यंत्राने सांडलेलं पाणी ओढण्याचा मोह तर हमखास जीवघेणा, यंत्रालाही आणि चालवणाऱ्यालाही.

आवाज खरखरीत आला तर बेअरिंग. त्यातलं ग्रीस सुकलेलं असायचं. मोटर थांबत-थांबत चालली, आत निळ्या ठिणग्या दिसल्या आणि वीज कडाडल्यावर येतो तसा उग्र वास आला, तर कार्बन ब्रश झिजले. या यंत्रांच्या मोटरला युनिव्हर्सल मोटर म्हणतात, कारण ती एकदिश आणि प्रत्यावर्ती अशा दोन्ही विजेवर चालते. यंत्राच्या बालपणी काही शहरांत एक आणि काही शहरांत दुसरी वीज होती, तेव्हा या गुणाचं महत्त्व फार मोठं होतं. मिक्सर आणि ड्रिल मशिनमध्येही तीच मोटर असते. फिरणाऱ्या आर्मेचरला वीज पोचवण्यासाठी कार्बनच्या दोन छोट्या कांड्या स्प्रिंगच्या दाबाने तांब्याच्या पट्ट्यांवर टेकलेल्या असतात. मोटर मिनिटाला वीस हजारांहून जास्त फेरे घेते, तेव्हा कांड्या झिजणारच. त्या झिजाव्यात म्हणूनच बनवलेल्या असतात, म्हणजे महागडं तांबं वाचतं. वेळेवर बदलल्या तर मोटर वर्षानुवर्षं चालते. बदलल्या नाहीत तर स्प्रिंग तांब्यावर घासू लागते आणि आर्मेचर खराब होतं. तांब्याच्या पट्ट्यांवर साठलेली काजळी आम्ही अगदी बारीक काच-कागदाने काढायचो. त्यासाठी एमरी पेपर वापरायचा नाही, असं आम्हाला बजावलं होतं. त्याचे कण वीजवाहक असतात आणि दोन पट्ट्यांच्या फटीत बसले तर तिथेच शॉर्ट होतं.

दुरुस्ती करून झाल्यावर आम्ही घरातल्या बाईंना बॅग काढायला आणि बसवायला लावायचो, आपल्यादेखत. मला वाटतं, साऱ्या सेवेतली सर्वांत उपयोगाची पाच मिनिटं ती असत. ज्यांना हे जमलं त्यांचं यंत्र पुढच्या खेपेला चालू सापडे आणि त्याच घरातून शेजारच्या दाराचा पत्ता मिळे. आमच्या भागात झालेल्या विक्रीतला मोठा हिस्सा असा दुरुस्तीच्या वाटेने आला. कंपन्यांच्या हिशेबात मात्र विक्रेत्याचं नाव वर आणि दुरुस्तीवाल्याचं खाली असे. हा हिशेब चुकीचा होता, असं मी आजही म्हणेन.

यंत्राने घरकाम कमी केलं का? रूथ श्वॉर्ट्झ कोवन या अमेरिकी इतिहासकारांनी 1983 च्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात दाखवलं की बायकांचे घरकामाचे तास अशा यंत्रांनी फारसे घटले नाहीत. गालिचे बडवायला पूर्वी पुरुष आणि मुलंही लागत. यंत्र आल्यावर ते काम दर आठवड्याचं झालं आणि एकट्या बाईच्या वाट्याला आलं. आपल्याकडेही मी हेच पाहिलं. केर-फरशी होती तशीच राहिली आणि गाद्या-सोफ्यांची सफाई हे नवं काम वाढलं. धुळीच्या ॲलर्जीबाबतही विक्रेते सांगायचे तितका फायदा जुन्या यंत्रांचा नव्हता. जिवंत कीटक धाग्यांना घट्ट धरून राहतात आणि सहज निघत नाहीत. त्यांची विष्ठा निघते, पण साध्या कापडी बॅगेच्या विणीतून तिचे बारीक कण मागच्या हवेबरोबर पुन्हा खोलीत येतात. 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवणाऱ्या हेपा गाळण्या घरगुती यंत्रांत आल्यावर हा दोष बराच कमी झाला. बॅग तुंबण्याच्या तक्रारीवर जेम्स डायसन यांनी बॅगच काढून टाकली. हवा भोवऱ्यासारखी फिरवून धूळ वेगळी करणारं यंत्र साधेपर्यंत त्यांनी 5,127 नमुने बनवले. 1993 मध्ये ते त्यांच्या स्वतःच्या नावाने बाजारात आलं. आता चपटी, आपोआप फिरणारी यंत्रं आहेत आणि ती घरी येतात ती ऑनलाइन मागवून, खोक्यातून. ती उत्तम फरशी झाडतात. त्यांच्यातली बरीच यंत्रं बिघडल्यावर उघडायला मात्र कुणी येत नाही.

युरोप-अमेरिकेत सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची हूव्हर आणि इलेक्ट्रोलक्स यंत्रं हौशी संग्राहकांनी चालू स्थितीत जपली आहेत. आपल्याकडची 1980च्या दशकातली यंत्रं भंगारात जात आहेत. तुमच्या माळ्यावर एखादं असेल तर ते विकण्याआधी खाली उतरवा. लगेच प्लग लावू नका. वायरचं रबर तडकलं आहे का ते आधी बघा, तडकलं असेल तर वायर बदला. बॅग घराबाहेर नेऊन साफ करा, नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहा. मग ते मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात न्या, मिक्सर दुरुस्त करणाऱ्याकडेही चालेल, आणि कार्बन ब्रश बघायला सांगा. तुमच्या मॉडेलचे मिळाले नाहीत तरी जाणता कारागीर दुसऱ्या मशिनचे ब्रश घासून मापाचे करून देतो. त्याला सांगा की एमरी पेपर लावू नको.